खांदे उडवले, टोपी पडली: फ्रेंच साहित्यातले कपडे आणि हावभाव इंग्रजीत नेताना (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फ्रेंच शिकणारी, एम.ए. करणारी, पहिलाच अनुवाद हातात घेतलेली मंडळी मला मोठमोठे प्रश्न विचारत नाहीत. 'शैली कशी उतरवायची' असं क्वचितच कुणी विचारतं. विचारतात ते असं: या बाईने नेमकं काय घातलंय? या माणसाने मान हलवली म्हणजे तो हो म्हणाला की नाही? असे परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जातो तिथे त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. फ्रेंच येतं, इंग्रजी येतं, चांगला शब्दकोश आहे. तरी कपड्यांच्या वर्णनात एवढं का अडतं?

कारण शब्दकोश कपड्याचं नाव सांगतो. तो कोण घालायचं, कधी घालायचं आणि लोक त्याला हसायचे का, हे सांगेलच असं नाही. आपल्याकडचं बघा: झंपर, पोलकं, ब्लाउज. वस्तू जवळजवळ एकच. पण 'झंपर' म्हटलं की एक पिढी समोर येते आणि 'पोलकं' म्हटलं की त्यासोबत परकर आणि दोन वेण्याही येतात. तिन्हींसाठी परभाषेत एकच शब्द टाकला तर कापड पोचतं, बाई पोचत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कादंबरीत हे पानोपानी होतं. तेव्हाच्या वाचकाला नुसत्या टोपीवरून माणसाची ऐपत कळायची. आज खुद्द पॅरिसमधल्या वाचकालाही ती कळत नाही.

हावभावांचं उलट आहे. खांदे, मान, हात हे शब्द पहिल्या महिन्यात पाठ होतात. अडतं ते त्यांचा अर्थ लावताना (प्रश्न ९ आणि १० पाहा).

२. इंग्रजीसारखे दिसणारे पण फसवणारे शब्द कोणते?

सगळ्यात जास्त बळी घेतो तो 'व्हेस्त'. याचा अर्थ जॅकेट. कोटाच्या आत घालायचं बिनबाह्यांचं जाकीट म्हणजे फ्रेंचमध्ये 'जिले'. त्याला अमेरिकन माणूस वेस्ट म्हणतो, इंग्लंडमधला वेस्टकोट म्हणतो. आणि इंग्लंडमध्ये नुसतं वेस्ट म्हणजे बनियन! म्हणजे 'व्हेस्त'चं डोळे मिटून वेस्ट केलं, तर लंडनच्या वाचकासमोर तुमचा सावकार दिवाणखान्यात बनियनवर येऊन बसतो.

'रोब' म्हणजे साधा ड्रेस. 'शमीझ' पुरुषाच्या अंगात असेल तर शर्ट, जुन्या कादंबरीतल्या बाईच्या अंगात असेल तर आतला झगा. 'कोर्साझ' म्हणजे पोशाखाचा कमरेवरचा भाग. अमेरिकेत त्याच नावाने फुलांचा छोटा गुच्छ ओळखतात. 'आबी' एकवचनात पुरुषाचा समारंभी कोट, अनेकवचनात नुसते कपडे. 'ब्लूझ' म्हणजे कामकऱ्याचा किंवा शेतकऱ्याचा ढगळ, लांब अंगरखा, बायकांचा ब्लाउज नव्हे. 'क्युलोत' म्हणजे अठराव्या शतकात गुडघ्यापर्यंतची तंग विजार आणि आज बायकांची चड्डी. क्रांतीतले 'सां-क्युलोत' म्हणूनच उघडे फिरणारे नव्हते. उमरावांसारखी आखूड विजार न घालता ते पायघोळ पाटलोण घालत, एवढंच.

एक शब्द शतकाने बदलवलेला. ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'मधला (१८६२) गाव्रोश हा रस्त्यावरचा पोरगा. त्याच्या अंगावर पुरुषाची पाटलोण आहे, पण ती बापाकडून आलेली नाही; बाईची 'कामिझोल' आहे, पण ती आईकडून आलेली नाही. तेव्हाची कामिझोल म्हणजे बायकांचं सैलसर, बाह्यांचं जाकीट. आजच्या इंग्रजीत कॅमिसोल म्हणजे बारीक पट्ट्यांचं तलम अंतर्वस्त्र. शब्द तसाच ठेवला तर जिथे पोटात कालवायला हवं तिथे वाचक दचकतो.

३. डोक्यावर जे काही असेल त्याला 'हॅट' म्हटलं तर काय बिघडलं?

पगडी, फेटा, मुंडासं आणि गांधी टोपी यांना एकच शब्द वापरला तर काय बिघडेल, तेच. 'शापो' घालणारा आणि 'कास्केत' घालणारा हे वेगवेगळ्या दारांनी आत येतात. कास्केत म्हणजे पुढे झडप असलेली टोपी, प्रामुख्याने कामगाराची नाहीतर शाळकरी मुलाची. 'बॉने'ला काठ नसतो आणि 'बॉने द कोताँ' म्हणजे रात्री झोपताना घालायची सुती टोपी. या तिन्हींची खिचडी एकाच टोपीत केल्याचं उदाहरण पुढच्याच प्रश्नात आहे.

४. 'मादाम बोव्हारी'च्या पहिल्याच प्रकरणातली चार्ल्सची टोपी डोळ्यांसमोर येत नाही. नक्की कशी आहे ती?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलेला. उत्तर असं की ती डोळ्यांसमोर येऊ नये अशीच आहे.

रुआँच्या शाळेत नवा मुलगा येतो. वर्गात शिरताना दारातूनच टोपी बाकाखाली भिरकवायची, ती भिंतीवर आपटून धूळ उडली पाहिजे, असा तिथल्या पोरांचा रिवाज. नव्याला तो ठाऊक नाही. तो टोपी मांडीवर धरून बसतो. फ्लोबेर म्हणतो की ही 'संमिश्र' जातीची टोपी होती. तिच्यात सैनिकाची केसाळ टोपी, 'शापस्का', गोल हॅट, पाणमांजराच्या कातड्याची कास्केत आणि सुती बॉने या सगळ्यांचे अंश सापडत. मग तिची रचना: अंड्यासारखी, आत व्हेलच्या हाडाच्या पट्ट्या घालून फुगवलेली, खाली तीन गोल वळकट्या, वर मखमल आणि सशाच्या केसांचे शंकरपाळे, मध्ये तांबडी पट्टी, त्यावर पिशवीसारखं काहीतरी, त्याच्या टोकाला पुठ्ठ्याचा बहुकोन, त्यावर गुंतागुंतीची नक्षी, आणि फार बारीक, लांब दोरीला लोंबणारा सोनेरी धाग्यांचा गोंडा. आणि शेवटी दोन वार: टोपी नवी होती, झडप चकाकत होती.

एलिनॉर मार्क्स हिचा, म्हणजे कार्ल मार्क्सच्या धाकट्या मुलीचा, इंग्रजी अनुवाद १८८६ मध्ये आला. तिने शापस्काचं 'शको' केलं. शापस्का ही पोलिश भालाईतांची टोपी, वर चौकोनी माथा. शको उभट नळकांड्यासारखी. चौकोन गेला. पाणमांजराच्या जागी सील आला. गोल हॅटची 'बिलीकॉक' झाली आणि रुआँच्या वर्गात एकदम इंग्लंडचा वास आला. वळकट्यांसाठी मूळ शब्द 'बुदँ', म्हणजे रक्ताचं सॉसेजही. तिथे 'नॉब' आलं आणि खाण्याच्या पदार्थाची ती हास्यास्पद छटा गेली. दोरी नुसती बारीक झाली. मूळ फ्रेंचमध्ये ती 'प्रमाणाबाहेर बारीक' आहे. एवढ्या जाड्याभरड्या टोपीचा गोंडा न पेलणाऱ्या दोरीवर लटकतोय, हा विनोद त्या एका छोट्या 'त्रो'मध्ये, म्हणजे 'प्रमाणाबाहेर' या शब्दात, होता.

तिला दोष द्यायचा नाही. तिच्याआधी वाट पाडलेली नव्हती आणि गद्याची लय तिने पुष्कळ ठिकाणी फार सुरेख पकडली आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. अनुवादक या टोपीला नकळत 'शक्य' करायला बघतो. वाक्य नीटनेटकं केलं, दोन तपशील जुळवून घेतले, की एक बरी टोपी तयार होते आणि प्रसंग मरतो. नाबोकोव्ह विद्यार्थ्यांना ही कादंबरी शिकवताना टोपीचं चित्र काढायचा. तुम्हीही काढून बघा. जिथे पेन्सिल अडते तिथे इंग्रजी वाक्यही अडायला हवं.

५. बाल्झाकची वर्णनं संपतच नाहीत. थोडी कापली तर चालतील का?

नाही. निदान कात्री लावण्याआधी आत काय आहे ते बघा. 'ल पेर गोरियो'मधली (१८३५) खानावळवाली मादाम व्होकेर घ्या. तिचा विणलेला लोकरी परकर वरच्या स्कर्टखालून डोकावतो, वरचा स्कर्ट जुन्या ड्रेसमधून बेतलेला आहे आणि कापडाच्या फटींतून आतला कापूस बाहेर येतोय. बाल्झाक म्हणतो, या परकरात दिवाणखाना, जेवणघर आणि बाग यांचा सारांश आहे, स्वयंपाकघराची चाहूल आहे, आणि तिथे राहणारे कसे असतील तेही त्यावरून ओळखावं.

आता त्यातला एकच शब्द जवळून पाहू. फाटलेल्या कापडाला त्याने 'लेझार्दे' म्हटलंय. हे विशेषण एरवी भिंतीला लागतं: पालीसारखी वेडीवाकडी, लांबच लांब भेग गेलेली भिंत. म्हणजे परकराला घर म्हणण्याआधीच त्याने कापडाची भिंत करून टाकली आहे. इंग्रजीत 'टोर्न' लिहिलं तर परकर फाटतो, घर फाटत नाही. 'क्रॅक्ड' लिहिलं तर कापडाला तो शब्द खटकतो, पण मूळ फ्रेंचमध्येही खटकतोच की. मी 'क्रॅक्ड'च्या बाजूने आहे.

६. 'रोब दँदिएन' म्हणजे भारतीय पोशाख का?

ही चूक मी कागदावर पाहिली आहे, आणि करणारा बिचारा आपल्याच मातीतला असल्याने खुशीत होता. 'अँदिएन' म्हणजे छापील सुती कापड. नाव पडलं ते भारतातून येणाऱ्या छापील कापडावरून. त्याने फ्रान्सला असं वेड लावलं की तिथल्या लोकर-रेशीमवाल्यांच्या रक्षणासाठी १६८६ मध्ये त्यावर बंदी आली. ती उठली १७५९ मध्ये. लगेच पुढच्या वर्षी ओबेरकाम्फने झुई-आँ-झोझास इथे छपाईचा कारखाना काढला. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीत अँदिएनचा ड्रेस घातलेली मुलगी परदेशी थाटात नसते, ती स्वस्तातल्या फुलाफुलांच्या कपड्यात असते.

इंग्रजीत काय लिहाल? 'कॅलिको'मध्ये गोची आहे: अमेरिकेत ते बारीक छापील कापड, इंग्लंडमध्ये साधं कोरं मांजरपाट. 'चिंट्झ' मुळात आपलं चीटच, चिटाच्या पोलक्यातलं. पण इंग्रजीत ते पडद्यांवर आणि सोफ्यांवर जाऊन बसलंय. 'कॉटन प्रिंट' लिहा, मोकळे व्हा.

या कुळातले आणखी तिघं. 'अँ काश्मीर' म्हणजे सबंध शाल, घराण्याची मिरवायची वस्तू. इंग्रजीत नुसतं 'अ कॅश्मिअर' म्हटलं तर आज स्वेटर दिसतो, तेव्हा शाल हा शब्द घालाच. 'माद्रास' म्हणजे डोक्याला बांधायचा चौकटीचा रुमाल. आणि 'कालिको' हा शब्द माणसालाही लागतो: कापडदुकानातला नोकर. डिपार्टमेंट स्टोअरवरच्या झोलाच्या कादंबरीत (१८८३) हा अर्थ माहीत नसेल तर कापडाचं ठाण बोलायला लागल्यासारखं वाटेल.

७. कामूच्या 'लेत्रांझे'मध्ये समुद्रकिनाऱ्यावर 'ब्लऽ द शोफ' येतं. त्याचं काय करायचं?

१९४२ ची कादंबरी, अल्जिअर्सजवळचा किनारा, दोन अरब 'ब्लऽ द शोफ'मध्ये. 'शोफ' म्हणजे बॉयलर तापवणं. भट्टीवर काम करणाऱ्यांचे निळे कपडे. इंग्रजीत पर्याय तीन: ओव्हरऑल्स, बॉयलर सूट, डंगरीज. बॉयलर सूटमध्ये भट्टी शाबूत राहते, पण तो एकसंध असतो आणि ब्लऽ द शोफ शर्ट-पाटलोण असा दोन तुकड्यांचाही असतो. डंगरीज हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून गेलेला, तिथल्या जाड्याभरड्या कापडाचा. आपल्याला ऐकायला मजा वाटते, पण आजच्या इंग्रज वाचकाला त्यातून छातीवर पट्टा असलेली लहान मुलांची विजार दिसते. मी 'ब्लू ओव्हरऑल्स' लिहिलं असतं. निळा रंग सोडायचा नाही.

खरी कसोटी पुढे आहे. गोळी सुटण्याआधी तो अरब एकटा पाठीवर पडलाय, हात मानेखाली, कपाळ खडकाच्या सावलीत, अंग उन्हात. आणि त्याचा ब्लऽ द शोफ त्या उष्म्यात 'फ्युमे'. धुमसत होता? वाफाळत होता? इथे 'जणू' घालायचा मोह सगळ्यांना होतो. घालू नका. गोष्ट सांगणारा मर्सो 'जणू' म्हणत नाही. त्याला दिसलं ते तो सांगतो. आणि पुढे जे होतं त्याला ऊनही जबाबदार आहे.

८. 'ताय' म्हणजे कंबर की उंची? आणि 'गोर्झ'?

'ताय' दोन्ही. 'द ओत ताय' असेल तर उंच माणूस. 'ताय फीन' असेल तर सिंहकटी. शिंप्याकडे गेलात तर माप. शेजारी कमरपट्टा, पकडणारा हात किंवा नाच असेल तर बहुतेक कंबर. कुणी दारातून वाकून येत असेल तर उंची. 'तुर्न्युर' हाही असाच: माणसाची एकूण ढब, आणि १८७०-८० च्या दशकांत स्कर्टला मागून फुगवटा आणणारी गादीही.

'गोर्झ' म्हणजे गळा, पण जुन्या गद्यात सर्रास ऊर. मोलिएरच्या 'तार्त्युफ'मध्ये ढोंगी तार्त्युफ खिशातून रुमाल काढून दोरीन या मोलकरणीपुढे धरतो आणि म्हणतो, हा 'सँ' झाका, मला तो पाहवत नाही. 'ब्रेस्ट' की 'बझम'? मराठीत ऊर म्हणावं की स्तन, तोच पेच. सोवळं मिरवणारा माणूस सोवळाच शब्द निवडेल, म्हणून 'बझम'. रुमालाने उरलेलं सांगितलेलं आहेच.

९. खांदे उडवणं म्हणजे 'श्रग', यात कसला प्रश्न?

शब्द बरोबर, मनःस्थिती चुकते. इंग्रजीत 'ही श्रग्ड' म्हणजे बहुतेक वेळा 'काय की बुवा' किंवा 'मला काय त्याचं'. फ्रेंच कादंबरीत 'ओसे लेझेपोल' करणारा पुष्कळदा समोरच्याला मूर्खात काढत असतो. त्यात तुच्छता असते, वैताग असतो. नवरा बायकोला, सासू सुनेला, मालक नोकराला खांदे उडवून गप्प करतो. आपल्याकडे अशा वेळी नाक मुरडतात किंवा 'हुं' करतात. तेव्हा मागचं-पुढचं वाक्य वाचा. वैताग संवादात आलेला असेल तर नुसतं 'श्रग्ड' पुरतं. नसेल तर एक क्रियाविशेषण देणं हा गुन्हा नव्हे.

'मू' हाही याच जातीचा. ओठ पुढे काढून केलेला चेहरा, ओठांचा चंबू. इंग्रजी 'पाउट' त्याला लगेच रुसलेली पोर किंवा नखरेल बाई करून टाकतो. पण फ्रान्समध्ये साठीचा नोटरीदेखील कागद वाचताना 'मू' करतो, शंका आली म्हणून. त्याच्यासाठी 'पर्स्ड हिज लिप्स'.

१०. 'ओशे ला तेत': मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून?

दोन्ही होऊ शकतं. क्रियापदाचा अर्थ हलवणं एवढाच. वर-खाली की आडवं, हे त्यात नाही. मराठीत 'त्याने मान हलवली' म्हटल्यावर आपणही विचारतोच ना, कशी हलवली? इंग्रजीला मात्र लगेच निवड करावी लागते: 'नॉडेड' की 'शुक हिज हेड'. आधांतरी राहायची सोय नाही.

मी एकदा सवयीने 'नॉडेड' लिहून पुढे गेलो. दोन पानांनंतर कळलं की त्या म्हाताऱ्याने जमीन विकायला नकार दिला होता. मजकूर प्रकाशकाकडे जाऊन परत आला होता, समासात लाल शाईने एकच प्रश्नचिन्ह. तेव्हापासून नियम: प्रसंग संपेपर्यंत तिथे पेन्सिलीने गोल करायचा, शब्द नंतर. जुन्या गद्यात हा हावभाव बरेचदा होकार-नकाराच्या पलीकडचाही असतो, 'कठीण आहे बाबा' असा. तिथे 'शुक हिज हेड' जवळचं. 'सकुए ला तेत' आलं तर बहुतेक नकार.

११. 'त्याने हात वर केला' यात फ्रेंच 'त्याचा' का म्हणत नाही, आणि इंग्रजीत ते घालायचंच का?

मराठी माणसाला इथे शिकवायला लागू नये. आपणही 'त्याने त्याचा हात वर केला' म्हणत नाही. दुसऱ्या कुणाचा करणार? फ्रेंचही 'हात' एवढंच म्हणतं. इंग्रजीत 'हिज' लागतंच.

गोंधळ दोन ठिकाणी होतो. एक, 'सों/सा' हा शब्द वस्तूच्या लिंगावर चालतो, मालकाच्या नाही, आणि 'लुई' म्हणजे त्याला किंवा तिला. 'इल लुई मी सों मांतो': त्याने कोट घातला, पण कुणाला? त्याला की तिला? आणि कोट कुणाचा, घालणाऱ्याचा, घालून घेणाऱ्याचा की तिसऱ्याचाच? पावसात आपला कोट तिच्या खांद्यावर टाकणं वेगळं आणि तिचाच कोट तिला चढवायला मदत करणं वेगळं. एकात प्रेम, दुसऱ्यात शिष्टाचार. मागच्या पानावर कोण काय घालून आलं होतं ते शोधावंच लागतं. यंत्राने केलेल्या अनुवादात मी सगळ्यात आधी हीच वाक्यं तपासतो.

दुसरं, वचन. 'त्यांनी आपली टोपी काढली': दहा माणसं, फ्रेंचमध्ये टोपी एकवचनी, कारण प्रत्येकाला एकच. इंग्रजीत 'हॅट्स' करा, नाहीतर दहा जणांत एक टोपी होते.

१२. हावभाव अपूर्ण भूतकाळात असेल तर इंग्रजीत साधा भूतकाळ पुरेल?

पुष्कळदा पुरतो, पण 'मादाम बोव्हारी'तल्या एमाच्या बोटांना पुरत नाही. चार्ल्स पहिल्यांदा शेतावर तिच्या वडिलांचा मोडलेला पाय बघायला येतो. ती पट्टीसाठी छोट्या उशा शिवायला बसते, शिवणाची पेटी लवकर सापडत नाही, वडील चिडतात. ती उत्तर देत नाही. शिवता शिवता सुई बोटांना टोचत होती आणि ती बोटं तोंडात घालून चोखत होती. मराठीत 'टोचत होती' म्हटलं की आपोआप अनेकदा झालं. इंग्रजी 'प्रिक्ड' एकदाच टोचून थांबू शकतं. म्हणून 'केप्ट प्रिकिंग'. ही मुलगी शिवणात तयार नाही आणि बघणाऱ्याचं लक्ष तिच्या नखांवर गेलंय, दोन्ही गोष्टी त्या अपूर्ण भूतकाळात आहेत.

उलट बाजूही सांभाळा. प्रत्येक अपूर्ण भूतकाळाला 'वुड' लावत गेलात तर तीन पानांत वाचक पेंगतो.

१३. हा खराच हावभाव आहे की वाक्प्रचार, ते कसं ओळखायचं?

'बेसे ले ब्रा' म्हणजे हात खाली केले, किंवा हार मानली. 'रतुर्ने सा व्हेस्त' म्हणजे जॅकेट उलटं केलं, किंवा पक्ष बदलला. 'लव्हे ल कूद' म्हणजे कोपर उचललं, किंवा ढोसली. युक्ती सोपी आहे: हावभावानंतर शरीर आणखी काही करतंय का बघा. हात खाली केले आणि पिस्तूल जमिनीवर ठेवलं, तर खरे हात. हात खाली केले आणि राजीनामा दिला, तर वाक्प्रचार.

धोका उलट दिशेनेही येतो. फ्रेंचमध्ये 'शापो आ ला मँ' म्हणजे साधा हातात टोपी घेतलेला माणूस. इंग्रजीत 'कॅप इन हॅण्ड' म्हटलं की तो लाचार होऊन काहीतरी मागायला आलेला असतो. शब्द थोडा मोडून 'विथ हिज हॅट इन हिज हॅण्ड' लिहा. आणि मराठी डोकं मध्ये येऊ देऊ नका: 'से फ्रोते ले मँ' म्हणजे हात चोळणं खरं, पण आनंदाने. आपण हात चोळत बसतो ते संधी गेल्यावर. तिकडे पश्चात्ताप झाला की बोटं चावतात.

१४. 'आँब्रासे' मिठी की चुंबन? आणि 'बेझे' लिहायला लाज का वाटते?

'आँब्रासे'मध्ये 'ब्रा', म्हणजे बाहू आहेत. सतराव्या शतकात अर्थ मिठीच. पुढे तो चुंबनाकडे सरकला आणि आज तोच मुख्य अर्थ. त्यामुळे आधी पुस्तकाचं साल बघा, मग क्रियापद लिहा. 'बेझे' हे नाम आजही सोज्वळ आहे. क्रियापद हाताला, कपाळाला लावलं की साहित्यिक. नुसतं सोडलं तर आजच्या फ्रेंचमध्ये शिवी. मोलिएरच्या १६७३ च्या आजारपणावरच्या नाटकात बावळट थोमा दियाफ्वारुस वाग्दत्त वधूसमोर उभा राहून बापाला विचारतो, 'बेझरे-झ?', म्हणजे 'मुका घेऊ?' आजची फ्रेंच पोरं खिदळतात ती चुकीच्या कारणाने. इंग्रजीत ते खिदळणं आणायचं नाही. मोलिएरने ते ठेवलेलंच नव्हतं.

१५. सिंड्रेलाची चप्पल काचेची की केसाळ कातड्याची?

काचेची. पेरोच्या १६९७ च्या छापील गोष्टीत 'व्हेर', काच, असंच आहे. तसाच उच्चार असलेला दुसरा 'व्हेर' म्हणजे खारीचं मऊ केसाळ कातडं, आणि 'मूळ शब्द तोच असणार, काचेचा जोडा कोण घालतं' असा युक्तिवाद एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. बाल्झाकनेही त्याला हात लावला. मला हा युक्तिवाद गमतीचा वाटतो: भोपळ्याची बग्गी चालते, उंदरांचे घोडे चालतात, काचेची चप्पल तेवढी चालत नाही! रॉबर्ट सँबरने १७२९ मध्ये इंग्रजीत काचच ठेवली. छापलंय त्याचा अनुवाद करा.

१६. तळटीप द्यावी का?

कथा-कादंबरीत शक्यतो नको. वाचक जिना उतरून खाली गेला की वर काय चाललं होतं ते विसरतो. कपड्याच्या नावाला एक शब्द जोडून भागतं का बघा ('शालीला शाल' म्हणणं, प्रश्न ६). अभ्यासाची आवृत्ती असेल तर शेवटी टिपा द्या, खुशाल द्या.

१७. जुन्या कपड्यांसाठी कुठे बघायचं?

अर्थासाठी एमिल लित्रेचा एकोणिसाव्या शतकातला कोश, कारण फ्लोबेर आणि झोला ज्या काळात लिहीत होते तोच त्याचा काळ. खोलात जायचं तर 'ट्रेझोर द ला लांग फ्रांसेझ', १६ खंड, जाळ्यावर फुकट. पण कपडा वाचून कळत नाही, बघावा लागतो. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' संग्रहात जुन्या फॅशन मासिकांची रंगीत पानं आहेत. कादंबरी ज्या वर्षी घडते ते वर्ष टाका, ज्या वर्षी छापली ते नव्हे. 'मादाम बोव्हारी' १८५७ ची, पण चार्ल्सची शाळा त्याच्या कितीतरी आधीची.

१८. शब्द अगदी सोपे असतील तर निर्धास्त राहावं का?

प्रूस्तच्या कादंबरीमालेतल्या तिसऱ्या भागाचा शेवट बघा. स्वान सांगतो की तो लवकरच मरणार आहे. ड्यूकला जेवणाला उशीर होतोय, ऐकायला वेळ नाही. तेवढ्यात त्याला दिसतं की बायकोने लाल ड्रेसवर काळे बूट घातलेत, आणि लाल बूट घालून यायला तो तिला परत पाठवतो. त्यासाठी मात्र वेळ आहे. लाल, काळे, बूट, एवढेच शब्द. इथे अनुवादकाने 'सॅटिन', 'स्कार्लेट' असं काही चढवलं की हात दिसतो. लाल म्हणजे 'रेड'.

१९. लेखकाने हावभाव सांगितला, अर्थ सांगितलाच नाही. मग?

राबलेच्या 'पांताग्र्युएल'मध्ये (१५३२) तोमास्त नावाचा इंग्रज पंडित येतो आणि शब्दांशिवाय, फक्त खुणांनी वाद घालायचं ठरतं. समोर पान्युर्झ. मग पानंच्या पानं बोटांचा हिशेब: उजव्या हाताचा अंगठा त्याच बाजूच्या नाकपुडीत, चारही बोटं ताठ, जुळवून नाकाच्या रेषेत, डावा डोळा पूर्ण मिटलेला. सगळं शास्त्रोक्त गांभीर्याने, आणि वाचकाला काही म्हणजे काही कळत नाही. पंडित मात्र भारावून जातो.

अशा ठिकाणी अर्थ लावू नका, चाळाही ओळखीचा करून टाकू नका. 'नाकाला अंगठा लावून चिडवलं' असं लिहिलंत की चार शब्दांत सगळं फुकट. स्कॉटिश टॉमस उर्क्हार्टचा इंग्रजी अनुवाद १६५३ चा. तो शेजारी ठेवा, पण बोटं स्वतःची मोजा. मी आरशासमोर उभा राहून करून पाहिलं. माझा डावा डोळा एकटा मिटत नाही. शेजारच्या आठवीतल्या मुलाला बोलावून त्याच्याकडून करून घेतलं, आणि त्याच्या आईला काय चाललंय ते समजावण्यात त्या दिवशीचं काम राहिलं.